ग्रीन कार्ड पुन्हा काढायचं की नागरिकत्व घ्यायचं?

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीचं ग्रीन कार्ड संपत आलंय. दादरला मावशीच्या स्वयंपाकघरात व्हिडिओ कॉलवर सध्या हाच विषय. मावशी पोहे परतता परतता डॉलरचे रुपये करते.

एप्रिल २०२४ पासूनच्या दरानं कार्ड पुन्हा काढायला ऑनलाइन ४१५ डॉलर, नागरिकत्वाच्या अर्जाला ७१०. कागदी अर्ज केला तर दोन्हीकडे ५० जास्त. कार्ड स्वस्त दिसतं खरं, पण दहा वर्षांनी पुन्हा तेच.

कोर्टाचं म्हणाल, तर घरमालकानं डिपॉझिट बुडवलं म्हणून दावा लावायला नागरिक असावं लागत नाही. फरक पडतो आरोपी म्हणून उभं राहिल्यावर. काही गुन्ह्यांत शिक्षा झाली की कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. ज्युरीत, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य लोकांच्या मंडळात, मात्र नागरिकच बसतात. ताईला ती कटकट वाटते.

तिचा जीव अडकलाय नावात. तिला माहेरचं आडनाव परत हवंय. नागरिकत्वाच्या अर्जातच नावबदल मागता येतो, वेगळी फी नाही. फक्त शपथ मग कोर्टाच्या समारंभात घ्यावी लागते. कार्डावरच राहिली तर स्थानिक कोर्टात वेगळा अर्ज, वेगळे पैसे.

नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जातो. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड, मिळतं, पण त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. रोह्याजवळच्या शेतीच्या तुकड्याचा तिचा बेत मात्र कार्डावर राहूनही जमत नाही; परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही शेतजमीन विकत घेता येत नाही. तरी मी नागरिकत्वच घेतलं असतं.

मावशीनं गॅस बंद केला. "तिकडे इतिहासाची परीक्षा असते म्हणे. शाळेत हिचे त्यातच मार्क जायचे."