‘ऑल ग्रीन’ पालकाचं बियाणं: पान उत्तम, फुलोरा घाईचा, पण निवडीला वाव भरपूर

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा हा जुना वाण. पान रुंद, कोवळं, एकसारखं हिरवं. ऑक्टोबरात पेरला की महिनाभरात पहिली कापणी, पुढे पंधरा-वीस दिवसांनी एकेक. खोट एकच: थंडीत पेरलेला पालक अडीच महिन्यांच्या सुमारास फुलाचा दांडा वर काढतो, पानं बारीक पडतात आणि जुडीला भाव राहत नाही.

तरीही पैसे वसूल होतात, कारण वाण संकरित नाही, घरचं बी धरता येतं. घोळ इथेच होतो. चांगली पानाळ झाडं भाजीला कापली जातात आणि आधी दांडा आलेली ‘आता काय उपयोग’ म्हणून बियाला राहतात. असं दरवर्षी केलं की लवकर फुलणारा पालक आपणच तयार करतो.

उलट करायचं, उशिरा फुलणारी झाडं बियाला राखायची. बी रात्रभर भिजवून एकाच दिवशी पेरा. पालकाचा एक दाणा म्हणजे दोन-तीन बियांचा गुच्छ असतो, म्हणून विरळणी करून जागेवर एकच रोप ठेवा. निदान दोनशे झाडं हवीत. कापणी घ्यायची तर सगळ्यांची एकाच दिवशी, नाहीतर कापलेलं झाड उगाच उशिराचं वाटतं. ज्याचा दांडा आधी दिसेल ते फूल उमलण्याआधीच मुळासकट उपटा. पालकाचा पराग वाऱ्यावर जातो. चार दिवस उशीर झाला तर घाईच्या झाडाचा पराग मागच्या झाडांवर बसलेला असतो आणि वर्षाची मेहनत पाण्यात. हा वाण एकसारखा हिरवा, म्हणून जांभळ्या देठाची झाडंही काढा.

बांधाकडची, पाण्याला ताण बसलेली झाडं लवकर फुलतात, त्यात वाणाचा दोष नसतो. म्हणून वाफ्याचे सारखे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातली उशिराची झाडं निवडा. उशिरा उगवलेलं किंवा खुरटं झाड उशिरा फुलतं म्हणून धरू नका. भरपूर पानं काढून मग दांडा देणारंच धरा. शेवटी चाळीस-पन्नास झाडं राहू द्या. दोन-चारच ठेवली तर पुढच्या पिढीत जोम घटतो. अगदी शेवटची झाडं एप्रिलच्या उन्हात सापडली तर दाणा पोचट राहतो, तिथे फार हावरेपणा नको.

शेजारी बीट किंवा दुसरा पालक फुलोऱ्यावर नको. बीट आणि हा पालक एकाच प्रजातीतले, सहज संकर होतो. प्रमाणित बियाण्याला हजार मीटर अंतर लागतं. तेवढं जमलं नाही तर शेजाऱ्याशी बोलून त्याच्याकडचे दांडे वेळेवर खुडून घ्या. ‘पुसा ज्योती’ याच वाणावर कोल्चिसीन हे रसायन वापरून काढलेला, गुणसूत्रं दुप्पट असलेला वाण आहे. भाजीला छान, पण बियाच्या वाफ्याजवळ नको. दोघांच्या संकराला बी नीट धरत नाही.

फक्त उशिरा फुलणारा पालक हवा असेल तर ‘पुसा हरित’ आधी पाहा. तो शुगरबीट आणि देशी पालकाच्या संकरातून आलेला, उभ्या वाढीचा, दांडा उशिरा देणारा वाण आहे. निवडीसाठी मात्र ‘ऑल ग्रीन’च घ्या. पाकिटावर चाचणीची तारीख आणि किमान ६० टक्के उगवण छापलेली आहे ना, एवढं दुकानातच बघून घ्या.