उन्हाळ्याची सुट्टी आणि लहान पोर: कोल्हापुरातनं महाबळेश्वर की मालवण?

पोर दोन ते पाच वर्षांच्या मधलं असेल तरच पुढचं वाचा. मोठी पोरं असली की सगळा हिशोब बदलतो, ती ट्रेकला येतात, स्कूबाचा हट्ट धरतात, मोबाईलवर गप बसतात. हे मधलं वय अवघड. धड कडेवर राहत नाही, धड चालत नाही. आमची पोरगी सध्या याच वयात आहे आणि दोन्ही ठिकाणी तिला ऐन उन्हाळ्यात घेऊन जाऊन आलोय, त्यामुळं जे सांगतोय ते आमच्या घरापुरतं खरं, तुमच्या पोराचा स्वभाव वेगळा असेल तर उत्तर पण वेगळं येऊ शकतंय.

गोवा, उटी यात धरलं नाही. उटी एवढ्या लहान पोराला घेऊन गाडीनं लांब पडतंय आणि गोव्यात या वयाच्या पोराला लागतंय ते सगळं मालवणजवळच्या तारकर्लीत आहेच, मग उगीच पुढं कशाला. आंबोलीचा विचार आम्ही पण केलेला, पण आंबोली ही पावसाळ्याची, मे मध्ये एक रात्र मुक्काम ठीक, आठवडा काढायचा म्हटलं तर पोराला करायला काही नाही.

आधी रस्ता. अंतरात फार फरक नाही, मालवण दीडशे किलोमीटरच्या आसपास, महाबळेश्वर त्याहून पंचवीस-तीस जास्त. पण महाबळेश्वरला साताऱ्यापर्यंत हायवे आहे म्हणून लोक गाफील राहतात. सहापदरीकरणाच्या कामानं डायव्हर्जन लागत असतील तर तो हायवे पण वेळ खातोय, आणि खरी परीक्षा पाचगणीच्या पुढं. मे मधला शनिवार-रविवार असेल तर पाचगणी ते वेण्णा लेक एवढ्याशा अंतरात गाडी मुंगीच्या पावलानं सरकती आणि मागं पोर "आलं का, आलं का" करत असतंय. पर्याय म्हणून मेढ्याकडनं केळघर घाटानं वर जाता येतंय, गर्दी कमी लागती, आम्हाला तोच बरा वाटला.

मालवणला आम्ही राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाटानं उतरतो. राधानगरीपर्यंत दोन्ही बाजूला ऊस, पुढं जंगल, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचं पाणी दिसतंय, आणि नशीब असेल तर दाजीपूरच्या पट्ट्यात सकाळी लवकर गवा दिसतोय, तेवढ्यावर पोराचा एक तास निघतो. गगनबावड्याकडनं करूळ घाट पण आहे, फक्त निघायच्या आधी घाट चालू आहे का एवढं कुणाला तरी विचारून घ्या, या घाटांत दरड नाहीतर रस्त्याचं काम काही ना काही चालूच असतंय. रेल्वेचं म्हणाल तर कोल्हापूर-वैभववाडीची चर्चा ऐकत आम्ही मोठे झालो, ते सोडून द्या.

उलटीचा प्रश्न दोन्हीकडं सारखाच. पाचगणीच्या वाटेवरचा पसरणी घाट काय, फोंडा काय, वळणं ती वळणंच. घाटाच्या आधी दूध देऊ नका, निघताना मिसळ तर नकोच (मोठ्यांनी पण), सुकी इडली नाहीतर बिस्कीट, आणि गाडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून आधीच औषध. एवढं केलं की सहसा निभावतंय.

आता हवा. इथं महाबळेश्वर सरळ जिंकतंय, त्यात वाद नाही. साडेचार हजार फुटांवर मे मध्ये पण संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतंय, रात्री पंखा नको, पोर गाढ झोपतंय आणि पोर झोपलं की आईबाप पण माणसात येतात. मालवणात थर्मामीटरचा आकडा बघितला तर कोल्हापूरपेक्षा कमीच असतो, पण तो आकडा फसवा. दमट हवेनं घाम वाळत नाही, दुसऱ्या दिवशी पोराच्या मानेवर घामोळ्या, आणि सकाळी दहा-साडेदहानंतर चार-साडेचारपर्यंत बाहेर पडायचं नावच काढायचं नाही. महाबळेश्वरच्या बाजूनं बायकोचा मुद्दा हाच होता आणि तो बरोबरच आहे. माझं एवढंच म्हणणं की थंड वाऱ्यासाठीच जायचं असेल तर आपल्याला पन्हाळा घरापासनं तासाच्या आत आहे, संध्याकाळी तबक उद्यानात जाऊन वारा खाऊन रात्री जेवायला घरी. पन्हाळा म्हणजे महाबळेश्वर नाही हे मान्य. पण समुद्र मात्र आपल्याकडं रंकाळ्यापलीकडं काही नाही.

आता ज्या गोष्टीनं आमचा निकाल लागला ती. पॉइंट.

महाबळेश्वर हे पॉइंटांचं गाव आहे. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर माल्कम साहेबानं ते वसवलं ते मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या इंग्रजांसाठी, आणि त्या लोकांना काय पाहिजे होतं तर गारवा आणि नजारा. म्हणून आर्थर सीट, केट्स, विल्सन, लॉडविक, एल्फिन्स्टन, बॉम्बे पॉइंट अशी सगळी नावं. आता नजारा ही मोठ्या माणसाची आवड आहे. चार वर्षांच्या पोराला दरी दाखवली तर ते दरीकडं दोन सेकंद बघतंय आणि मग खाली पडलेला खडा उचलतंय. मग आपण लांबनं आलोय म्हणून फोटो काढायचे, त्यात तिनं कॅमेऱ्याकडं बघावं म्हणून माकडचाळे करायचे, मागं खरी माकडं हातातलं बिस्कीट पळवायला टपलेली, आणि कठड्याजवळ म्हणून पोराचा हात एक क्षण सोडायचा नाही.

हे पण चाललं असतं. पण त्रास आहे तो गाडीत चढ-उताराचा. दिवसाचा क्रम असा असतोय: पोराला गाडीत बसवा, पट्टा लावा, वीस मिनिटं गाडी, पार्किंग मिळत नाही म्हणून लांब लावा, पट्टा काढा, टोपी घाला, बूट घाला (ते मधेच काढलेले असतात), कडेवर घेऊन चढ चढा, पाच मिनिटं दरी बघा, कणीस घ्या, परत या, बूट काढा, पट्टा लावा. पुढचा पॉइंट. परत तेच. आणि मधल्या त्या वीस मिनिटांत गाडीच्या हेलकाव्यांनी पोरगी बरोबर झोपणार, म्हणजे पॉइंट आला की एकानं गाडीत बसायचं आणि एकानं एकट्यानं जाऊन दरी बघून यायची, मग अदलाबदल. आम्ही नवरा-बायकोनं केट्स पॉइंट असाच बघितलाय, एकानंतर एक, गाडीच्या काचेतनं एकमेकांना हात करत. उठवलं तर रडारड, नाही उठवलं तर ती झोप तिथंच पुरी होती आणि रात्री अकरापर्यंत हॉटेलच्या गादीवर उड्या.

बघायला गेलं तर ही किरकोळ गोष्ट आहे. रेटिंगमध्ये कुणी लिहीत नाही, प्लॅन करताना कुणाच्या डोक्यात येत नाही. पण सुट्टीच्या शेवटी मी हिशोब लावला तर पोरगी जागी आणि खुश असा वेळ गाडीबाहेर कमी आणि पट्टा लावण्या-काढण्यात जास्त गेलेला. ड्रायव्हर ठेवला तर थोडं हलकं होतंय, पण मूळ प्रश्न तोच, की त्या गावाची रचनाच अशी आहे की मजा दहा ठिकाणी तुकड्या-तुकड्यानं वाटून ठेवलीय.

तिला तिथं नक्की काय आवडलं ते पण सांगतो म्हणजे एकतर्फी वाटायला नको. पाचगणीच्या टेबल लँडवर घोडा आवडला, पण मे मध्ये तिथं लाल धूळ एवढी उडती की केस दोनदा धुवावे लागले. वेण्णा लेकची बोट आवडली. आणि सगळ्यात जास्त वेळ रमली ती जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात, गोमुखातनं पडणाऱ्या पाण्याखाली हात धरून. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्या तिथं मानतात, आणि तीच कृष्णा खाली नरसोबाच्या वाडीला येऊन आपल्या पंचगंगेला भेटती, हे मी तिला रंगवून सांगत होतो, तिचं लक्ष पाण्यात. म्हणजे बघा, थंड हवेच्या ठिकाणी जाऊन पण पोराला पाणीच पाहिजे.

तारकर्ली-देवबागला हा चढ-उतार नाही. एकदा गाडी लावली की लावली. किनाऱ्यालगत घरगुती राहायची सोय भरपूर आहे, अंगण असतंय, माडाची सावली असती, मांजर-कोंबड्या फिरत असतात, आणि समुद्र चालत दोन-पाच मिनिटांवर. सकाळी सहाला उठलं की तसंच झोपाळलेलं पोर वाळूत नेऊन सोडायचं. एक बादली, एक फावडं. नऊपर्यंत हलत नाही. दुपारी आंघोळ, जेवण, झोप, ही झोप गादीवर होती, पूर्ण होती, आणि आपली पण होती. साडेचारला परत वाळू, सूर्य सातच्या आसपास बुडतोय तोवर. यात बघण्यासारखं काय असं कुणी विचारेल, तर काहीच नाही, आणि तेच आम्हाला पाहिजे होतं.

वैताग तिकडं पण आहे. वाळू सगळीकडं जाती, कानात, अंथरुणात, गाडीत तर पुढं गणपतीपर्यंत निघत राहती. ओले कपडे दमट हवेत वाळत नाहीत म्हणून जोड जास्त न्यावे लागतात. संध्याकाळी डास. लाईट जाती, त्यामुळं खोली घेताना एसी आहे का यापेक्षा इन्व्हर्टरवर पंखा चालतोय का ते विचारा, मालक लगेच खरं सांगतात. आणि समुद्र म्हणजे समुद्र, नजर हटवायची नाही. घोट्याएवढ्या पाण्यातच खेळवायचं, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळती तिथं ओढ असती, त्या टोकाला पोराला पाण्यात उतरवू नका. वॉटर स्पोर्ट्सवाले मागं लागतात, या वयाला त्यातलं काही नको.

सिंधुदुर्ग किल्ला मात्र नक्की करा. बोटीतनं थोडाच वेळ लागतोय आणि पोराला किल्ल्यापेक्षा ती बोटच आवडती, फक्त लहान मापाचं लाईफ जॅकेट आहे का ते चढायच्या आधी बघा. १६६४ ला काम सुरू झालेला किल्ला, भर समुद्रात, आत शिवरायांच्या हाता-पायाचे ठसे दाखवतात, हे सगळं तिला अजून कळत नाही, पण "महाराजांचं घर" एवढं कळलं. सकाळच्या पहिल्या बोटीनं जा, आत सावली कमी आहे.

खाण्याचं मला वाटलेलं की महाबळेश्वर सोपं जाईल, थाळी, सँडविच, पिझ्झा सगळं मिळतंय. मिळतंय खरं, पण तिनं तीन घास खाऊन सोडलेल्या प्लेटचे पण पैसे पूर्णच. मालवणात घरगुती ठिकाणी काकूंना सांगितलं की सकाळी उकड्या तांदळाची पेज, घावन-चटणी, एखाद्या दिवशी शिरवाळे (तांदळाच्या शेवया) आणि नारळाचा रस, हे पोरांना गोड लागतंय आणि पोटाला पण हलकं. सुरमईला काटा कमी, तिखट न लावता तळून देतात. सोलकढीवर मात्र आमच्या घरात मतभेद आहेत, मला तांबडा-पांढऱ्याच्या खालोखाल, पोरगी तोंड वाकडं करती. आणि मे म्हणजे हापूस, फणस, करवंदं. स्ट्रॉबेरीचा हंगाम मे पर्यंत जवळजवळ संपलेला असतोय, तेव्हा स्ट्रॉबेरीसाठी महाबळेश्वरला जाणार असाल तर मार्चमध्ये जावा, तेव्हा गर्दी पण कमी.

पैशाचं बोलायचं तर दोन्हीकडं मे मध्ये भाव चढलेलेच. आमचा खर्च मालवणात कमी झाला, पण तो खोलीमुळं नाही, रोज फिरायचंच नव्हतं म्हणून पेट्रोल, पार्किंग, घोडा, बोट, गेम झोन हे सगळं वाचलं.

महाबळेश्वर कुणी निवडावं? बरोबर आजी-आजोबा असतील आणि त्यांना उकाडा सोसत नसेल तर सरळ महाबळेश्वर. पोराला घामोळ्यांचा, त्वचेचा जुना त्रास असेल तरी तेच. तान्हं बाळ असेल, म्हणजे अजून कडेवरच आहे, तर पॉइंटांचा जाच पण कमी, कारण ते कुठंही झोपतंय. आणि गेलात तर रोज एकच पॉइंट धरा, सोमवार ते गुरुवार जावा, हॉटेल असं घ्या ज्याला बाग आणि खेळायला जागा आहे, मग अर्धा वैताग तिथंच संपतोय.

बाकीच्यांना, विशेषतः ज्यांचं पोर आत्ता पळायला लागलंय त्यांना, मी मालवणच म्हणेन. बायको अजून पूर्ण मान्य करत नाही, पण यंदाची खोली तिनंच फोन करून ठरवली. तारीख मात्र बघून ठरवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात किल्ल्याच्या बोटी पावसाळ्यासाठी बंद होतात आणि समुद्र पण खवळायला लागतोय, म्हणून जायचं तर वीस मेच्या आत जाऊन या. पोर अजून शाळेत जात नसेल तर मे ची वाट तरी कशाला बघता, मार्चअखेर किंवा एप्रिलचा पहिला आठवडा धरा, किनारा मोकळा असतोय, फक्त हापूस थोडा महाग पडेल.