५जीसाठी अपडेट की नवा फोन?

१ ऑक्टोबर २०२२ ला भारतात ५जीची सुरुवात झाली. आयफोन १२ मध्ये ५जीचा मोडेम (नेटवर्कशी जोडणारी चिप) आधीपासून होता, तरी वर ४जीच दिसायचं. डिसेंबरात आयओएस १६.२ हे आयफोनचं अपडेट आलं आणि तोच फोन जिओ-एअरटेलच्या ५जीवर चालू लागला. आयफोन ११ वर तेच अपडेट टाकून काहीच फरक पडला नाही, कारण त्यात ५जीचा मोडेमच नाही.

अँड्रॉइडमध्ये जरा गुंता आहे. जिओचं ५जी ४जीच्या आधाराशिवाय स्वतंत्र चालतं, एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधाराने केली. त्यामुळे एकाच फोनवर एका सिमला ५जी आणि दुसऱ्याला नाही, असंही व्हायचं. अशा वेळी अपडेटची वाट बघावी. त्यासाठी अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आकडा बदलायलाच हवा असंही नाही, कंपनीचं छोटं अपडेटही पुरतं.

परवा वहिनीचा फोन पाहिला. सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, नेटवर्कचा प्रकार: यादी ४जीवरच संपली. खोक्यावरही ४जीच छापलेलं. तिला स्पष्ट सांगितलं, वहिनी, ५जी हवंच असेल तर फोन बदलावा लागेल. पण व्हिडिओ कॉल आणि यूपीआयला तुमचं ४जी छान पुरतंय, इतक्यात पैसे घालवू नका.