बेरात की जिरोकास्तर? अल्बानियात एकच किल्ल्याचं शहर बघायला वेळ असेल तर

अल्बानियाचा प्लॅन करताना राजधानी तिराना झालं की बहुतेकांची गाडी इथेच अडते. दोन्ही शहरं डोंगरउतारावर, वर किल्ला, खाली ऑटोमन काळातली घरं, आणि दोन्ही युनेस्कोच्या एकाच नोंदीत आहेत, 2005 ला जिरोकास्तर आलं आणि 2008 ला बेरात त्यात जोडलं. फोटोत सारखीच वाटतात, पण प्रत्यक्षात फार वेगळी आहेत.

बेरातच्या किल्ल्यात लोक अजून राहतात, हे मला सगळ्यात भारी वाटतं. तटबंदी बरीचशी 13व्या शतकातली, आत गल्ल्या, दारात वेली, दोरीवर कपडे वाळतायत, आणि मध्येच एखादं बायझंटाइन चर्च समोर येतं. त्यातल्या सेंट मेरी कॅथेड्रलमध्ये ओनुफ्री म्युझियम आहे, ते अजिबात चुकवू नका. ओनुफ्री हा 16व्या शतकातला चित्रकार, त्याच्या चित्रांतला लाल रंग स्क्रीनवर कळतच नाही, समोर उभं राहूनच बघावा लागतो. 1967 ला कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाच्या सरकारने धर्मावरच बंदी घातली होती, देशभर चर्च आणि मशिदी पाडल्या गेल्या, त्यातून हे एवढं वाचलंय हे लक्षात ठेवून बघा. बेरातला 1961 लाच म्युझियम सिटीचा, म्हणजे जपून ठेवायच्या शहराचा, दर्जा मिळाला होता, त्याचा फायदा झाला. खाली ओसुम नदी, एका काठाला मांगालेम वस्तीची खिडक्याच खिडक्यांची घरं, समोर गोरित्सा वस्ती. इथेच 1455 च्या वेढ्यात अल्बानियाचा राष्ट्रीय वीर स्कंदरबेगच्या सैन्याचा ऑटोमनांनी मोठा पराभव केला होता.

जिरोकास्तर जड आहे, म्हणजे अक्षरशः, भिंती दगडी, रस्ते दगडी आणि छपरंही दगडी पाट्यांची. किल्ला ऑटोमन सुभेदार अली पाशाने 1812 नंतर वाढवला, पुढे राजा झोगच्या काळात त्याचं जेल झालं आणि कम्युनिस्टांनीही ते वापरलं, त्यामुळे आत फिरताना सुंदर वगैरे वाटत नाही, थोडं दडपणच येतं. तोफा आहेत, 1957 ला उतरवलेलं अमेरिकन विमानही ठेवलंय. पण इथली खरी मजा घरांमध्ये आहे. झेकाते किंवा स्केंदुली यांच्यापैकी एक तरी घर आतून बघाच, खाली पाण्याची टाकी आणि साठवण, मधे थंडीत राहायच्या खोल्या, सगळ्यात वर पाहुण्यांचा मोठा दिवाणखाना, रंगवलेली फायरप्लेस आणि लाकडी कोरीव छत. एन्व्हर होजा आणि लेखक इस्माइल कादारे दोघंही याच गावचे, होजाच्या घराच्या जागी आता एथ्नोग्राफिक म्युझियम आहे.

मग निवडायचं काय? एकच दिवस असेल तर बेरात, तिरानाहून बसने अडीच-तीन तासात पोचता आणि निवांत फिरून होतं. जिरोकास्तर लांब आहे, तिथे पळत पळत जाऊन फक्त किल्ला बघून आलात तर अर्धं शहर राहिलंच समजा, रात्री मुक्काम हवाच. तरी दोन रात्री हातात असतील तर मी जिरोकास्तरच सांगेन, तो देश मागच्या 200 वर्षांत कशातून गेला ते तिथे जास्त कळतं. गुडघे दुखत असतील तर मात्र दोन्हीकडे विचार करा, चढ आहे आणि दगड गुळगुळीत झालेत, पावसात तर फारच घसरतात. व्हेज खाणाऱ्यांनी जिरोकास्तरला चिफ्ची मागवताना लक्षात ठेवा, भाताचे पुदिना घातलेले गोळे असतात, मस्त लागतात, पण त्यात अंडं असतं. आणि दोन्ही जमत असेल तर आधी बेरात करा, मग जिरोकास्तर, तिथून ब्लू आयचा झरा बघत सारांदाला समुद्रावर उतरता येतं.