सांगलीतील एक मॅमोग्राफी केंद्र : तपासणी चोख, अहवाल मुका

सांगली-मिरज रस्त्यावरील एका खासगी निदान केंद्रात मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी अलीकडेच मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, करून घेतली. दोघींनाही कसलाच त्रास नव्हता. चाळिशी उलटल्यावर लक्षण नसतानाच ही तपासणी व्हावी, असे आमच्या डॉक्टरांचे मत पडले. केंद्राचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे सांगितलेली उणीव त्या एकाच ठिकाणची असेल असे मला वाटत नाही.

वेळ ठरवण्यासाठी फोन केला तेव्हा स्वागतकक्षातील मुलीने आपणहून पाळीची तारीख विचारली आणि पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यातला दिवस दिला, कारण त्या दिवसांत स्तन कमी हुळहुळे असतात व दाब सोसवतो. येताना काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, हेही तिने बजावले. त्यातले कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि कर्करोगाची नसती शंका निर्माण होते. एवढी माहिती फोनवरच मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञ महिलाच होत्या, दार आतून बंद होते आणि अंगावर घ्यायला दिलेला झगा स्वच्छ धुतलेला होता. प्रत्येक स्तनाची दोन चित्रे घेतात, एक वरून आणि एक तिरके, म्हणजे काखेकडचा भागही त्यात येतो. खालच्या गार पाटीवर स्तन ठेवून वरून पारदर्शक पट्टी दाबली जाते. स्तन जितका सपाट होईल तितके चित्र स्पष्ट येते आणि किरणांची मात्राही कमी लागते, हे बाईंनी पट्टी खाली आणण्यापूर्वीच सांगितले. "काकू, श्वास रोखा... हं, सोडा," एवढ्यात एक चित्र होते. दुखते, खोटे कशाला सांगू. पण पट्टी सुटली की दुखणेही सुटते. जाऊबाईंच्या काखेजवळ एक चामखीळ आहे, तिच्यावर तंत्रज्ञ बाईंनी आठवणीने बारीकशी खूण चिकटवली, म्हणजे चित्र पाहणाऱ्याने तिला आतली गाठ समजू नये.

बाहेर बाकावर कवठेमहांकाळकडच्या एक वयस्कर बाई सुनेबरोबर बसल्या होत्या. "गाठ दुखत न्हाई, मग कशाला एवढा खर्च?" असा त्यांचा सवाल होता. तंत्रज्ञ बाई दारातूनच म्हणाल्या, "मावशी, दुखत नाही म्हणूनच दाखवायची." स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे खरे, पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि त्यामुळेच ती महिनोन् महिने अंगावर काढली जाते. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे, आणि आपल्याकडे पुष्कळशा स्त्रिया डॉक्टरांपर्यंत पोहोचतात त्या रोग पसरल्यावर.

येथपर्यंत सारे उत्तम. संध्याकाळी मात्र काउंटरवरून दोन बंद पाकिटे हातात पडली आणि कोणी चकार शब्द बोलले नाही. अहवाल संपूर्ण इंग्रजीत होता. शेवटी 'बायरॅड्स' या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतला आकडा होता. माझ्यापुढे २ आणि जाऊबाईंपुढे ०. शून्य म्हणजे काहीच निघाले नाही असा अर्थ काढून जाऊबाई पेढे घ्यायला निघाल्या होत्या. वस्तुतः १ म्हणजे निर्दोष, २ म्हणजे निरुपद्रवी बदल, ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी पण थोड्या महिन्यांनी पुन्हा पाहावे असा, ४ व ५ म्हणजे सुईने तुकडा काढून तपासावा असा, ६ म्हणजे आधीच सिद्ध झालेला कर्करोग. आणि ० म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रे किंवा सोनोग्राफी हवी. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितल्यावर सोनोग्राफी झाली आणि साधी पाण्याची गाठ निघाली. पण ज्या बाईला विचारायला घरचा डॉक्टर नाही, तिचे ते पाकीट कपाटातच राहिले असते. एवढे महागडे यंत्र बसवणाऱ्या केंद्राला मराठीतला चार ओळींचा कागद आणि पाच मिनिटे बोलणारी एक परिचारिका परवडू नये, हे पटत नाही.

दुसरी उणीव अशी की, तेथे कोणीही हाताने तपासले नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी निव्वळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तसा फरक दिसला नाही. शिवाय स्तनाची घडण दाट असेल, आणि तरुण वयात ती बहुधा असतेच, तर मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते. म्हणून ही हाताची तपासणी आधी कोणाकडून तरी करून घेऊन मगच या केंद्रात जावे. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी सांगितलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे तिची चौकशी करावी.

एवढे सांभाळून घेणार असाल तर मी या केंद्राची शिफारस करीन, मुख्यतः त्या तंत्रज्ञ बाईंच्या भरवशावर. दर वाजवी वाटला आणि फार ताटकळावे लागले नाही. चित्रांची सीडी मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत. ती आवर्जून मागून घ्यावी आणि जपून ठेवावी, कारण पुढच्या खेपेस जुनी चित्रे शेजारी ठेवता आली तर कोणता बदल नवा आणि कोणता वर्षानुवर्षे तसाच आहे हे रेडिओलॉजिस्टला ठरवता येते आणि कित्येकदा विनाकारण सुई टोचणे टळते.