मान-खांद्यातली गाठ: मशीन, अंगठा, सुई की रबरी पट्टा?

मान आणि खांद्याच्या मधल्या स्नायूत बोटाला लागणारी कडक गाठ, दाबली की कळ थेट कानशिलापर्यंत. लॅपटॉपवर बसणारे असोत की शिलाई मशीनवर वाकणारे, तक्रार एकच. फिजिओ याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. क्लिनिकमध्ये गेल्यावर पुढे काय काय ठेवलं जातं, ते पाहू.

बहुतेक ठिकाणी आधी मशीन लावतात: त्वचेवरून सौम्य वीज सोडणारं आयएफटी किंवा टेन्स, जोडीला ध्वनिलहरींनी उपचार करणारं अल्ट्रासाऊंड. मुंग्या येतात, बरं वाटतं, पडल्या पडल्या डुलकीही लागते. पण गाठीच्या दुखण्यावर अल्ट्रासाऊंडचा पुरावा तोकडा आहे आणि विजेच्या मशीनचा आराम फार टिकत नाही. दहा सिटिंगचं पॅकेज निव्वळ मशीनचं असेल, तर मी ते घेणार नाही. नुसता शेकच हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घरी आहेच.

खरी निवड अंगठा आणि सुई यांत आहे. अंगठ्याने गाठीवर अर्धा ते दीड मिनिट सोसवेल इतका दाब धरून ठेवतात, दुखणं ओसरेपर्यंत. हे मालीश नव्हे. तेल चोळून रगडण्यात आणि यात बराच फरक आहे. मोठा फायदा असा की फिजिओकडून एकदा शिकलं की भिंत आणि टेनिस बॉल घेऊन घरीही करता येतं.

ड्राय नीडलिंगमध्ये बारीक सुई सरळ गाठीत घालतात, औषध न भरता. चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी 1979 मध्ये मांडलं की इंजेक्शनने मिळणारा आराम बऱ्याचदा औषधाचा नसून सुईचाच असतो. सुई नेमकी लागली की स्नायू क्षणभर फडफडतो. त्यानंतर एक-दोन दिवस जागा ठणकते, म्हणून दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम असेल तर सुई नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. खांद्याच्या वरच्या भागात फुफ्फुस जवळ असतं. क्वचित का होईना, त्याला इजा होऊ शकते. म्हणून या सुईचं प्रशिक्षण कुठे घेतलं, हे बेधडक विचारा. थोड्या दिवसांच्या आरामात सुई अंगठ्यापेक्षा फार सरस आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. हाताच्या दाबाने गाठ सुटतच नसेल, तर सुईचा विचार करावा.

आणि व्यायाम, जो कुणालाच नको असतो. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या 198 ऑफिस कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. रबरी ट्यूब ओढून हात बाजूने वर नेण्याचा व्यायाम, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. रोज फक्त दोन मिनिटं करणाऱ्यांचंही दुखणं कमी झालं. ट्यूब एकदाच विकत घ्यायची, तीही टेबलाच्या खणात मावते. दुखणं फार असेल तर आधी अंगठ्याने ते उतरवून घ्यावं, मग त्याच आठवड्यात हलक्या ट्यूबने सुरुवात करावी.

मात्र हाताला मुंग्या येत असतील, मूठ सैल पडत असेल किंवा डाव्या खांद्यासोबत छातीतही दुखत असेल, तर यातलं काहीही करू नका. मुंग्या किंवा सैल मुठीसाठी डॉक्टरांना दाखवा, छातीत दुखत असेल तर तडक इस्पितळ गाठा.