साडेआठ इंची एलसीडी पाटी : पोरांच्या खेळण्याचा आयसीयूतला रिव्ह्यू

या बटण दाबून पुसायच्या पाटीखालचे बाकीचे सगळे रिव्ह्यू आईबापांचे आहेत. पोरगं दिवसभर चित्रं काढतं, वह्या वाचतात, मोबाईल सुटला वगैरे. माझा पेशंटांवरचा आहे. मी सोलापुरात स्टाफ नर्स. 2020 आणि 2021, दोन्ही लाटांत कोविड आयसीयूला होते. तेव्हापासून ही पाटी माझ्या वापरात आहे. (हीच नव्हे. पहिली आत गेली ती आतच राहिली.)

अडचण काय होती ते आधी सांगते, नाहीतर दोन-अडीचशे रुपयांच्या प्लॅस्टिकचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. पीपीई किट चढवलं की एन-95 मास्क, गॉगल, वर फेसशील्ड. बोललं की आपलाच आवाज आपल्या कानात घुमतो. समोरचा पेशंट हायफ्लोवर, म्हणजे मिनिटाला 60 लिटरपर्यंत ऑक्सिजनचा झोत नाकात, शेजारच्या बेडला बायपॅपचा (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) अलार्म. आमचे ओठ दिसत नाहीत, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यांचा उरलासुरला आधारही गेला. त्यात हे सोलापूर. पूर्व भागातल्या आजी तेलुगू बोलणार, अक्कलकोटकडचे काका कन्नड. एरवी सून नाहीतर नातू मध्ये उभं राहून सांगतो. ते सगळे गेटबाहेर. ‘बोर्ला पडुकोंडी’ एवढं मी पाठ केलं होतं, पालथं झोपवायला तेवढं पुरायचं. पण पालथं झोपल्यावर त्या काय म्हणतात ते कुठलं कळायला?

आणि पेशंटला काही सांगायचं असलं की तो बायपॅपचा मास्क ओढायचा. एक वाक्य बोलून होईपर्यंत मॉनिटरवर ऑक्सिजन 92 चा 84. तहान लागली हे सांगायला एवढा ऑक्सिजन घालवायचा! ‘मास्क काढून बोलू नका’ हे वाक्य दिवसभरात आम्ही जितकं ओरडलो तितकं दुसरं कुठलंच नाही.

फोनवर टाईप करायचं म्हटलं तर फोन प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये, हातात दुहेरी ग्लोव्हज, स्क्रीन बोट ओळखायलाच तयार नाही. कागद-पेन आत नेलं तरी आडवं पडून बॉलपेन उमटत नाही. ही पाटी मात्र दाबावर चालते. ग्लोव्हज असोत, नख असो, पेनचं टोपण असो, चमच्याची मागची बाजू असो, उमटतं. पारदर्शक पिशवीत घालून वरून लिहिलं तरी उमटतं, आणि हे मला सगळ्यात आवडलं. पेशंट बदलला की पिशवी बदलायची, पाटी तीच. एक टक्का हायपोक्लोराईटने थेट पुसत राहिलात तर काच, म्हणजे ते वरचं प्लॅस्टिक, दुधाळ होतं. पिशवीच बरी.

एक पूर्व भागातले आजोबा होते, यंत्रमागावर आयुष्य गेलेले. बायपॅपवर. दोन ओळी लिहिल्या, पाटी माझ्यापुढे धरली, तर सगळं तेलुगू लिपीत. तेव्हा संध्याकाळी नातेवाइकांना व्हिडिओ कॉल लावून द्यायचो, तो लागल्यावर पाटीच कॅमेऱ्यासमोर धरली. पलीकडून सून वाचून म्हणाली, ‘सिस्टर, मामंजी विचारतायत कवळी कुठाय.’ मला वाटलं होतं काहीतरी शेवटचं-बिवटचं असेल. कवळी ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात, बेड नंबरची चिकटपट्टी लावलेल्या डबीत होती. आणून दाखवली तेव्हा कुठे आजोबा मास्क लावून गप पडले. पुढचे दोन दिवस तपासायचे, आहे ना जागेवर.

आता तक्रारी. पाटी स्वतः उजेड देत नाही. रात्री लाईट मंद केले की काही दिसत नाही, आणि दिवसा ट्यूबलाईटची चमक नेमकी अक्षरांवर पडते. गॉगलवर वाफ धरलेली असताना तर वाचायला ती तिरकी करत बसावं लागतं. इंद्रधनुषी रंगाची घेऊ नका. एका बाजूची अक्षरं फिकी येतात. साधी हिरवी घ्या. थोडंसं पुसता येत नाही, बटण दाबलं की सगळं जातं, आणि पेशंटचा अंगठा बरोबर त्याच बटणावर पडतो. मागे लॉकची खिटी असते, ती आधी सरकवा. सेल फक्त पुसण्यापुरता लागतो, त्यामुळे महिनोन्‌महिने पुरतो. पण संपला की लिहिलेलं तसंच राहतं आणि बटण सेल वॉर्डात रात्री कोण आणून देणार?

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी ही पाटी निम्मीच. विडी वळणाऱ्या मावश्यांना मी तांब्या, पंखा, बेडपॅन काढून दाखवायचे, त्या मान हलवायच्या. माझा पंखा बघून एक मावशी मास्कच्या आत हसल्या होत्या, खोकला लागेपर्यंत. तिथे झेरॉक्सवाल्याकडून चित्रांचं लॅमिनेट केलेलं कार्ड जास्त चांगलं, ते नंतर केलंही. ज्याच्या मुठीत जोर नाही, किंवा ज्याच्या लिहित्या हातात सलाईन आहे, त्यालाही कार्डच द्या.

हल्ली ती आवाज बंद असलेल्या पेशंटांना देते, बहुतेक ट्रॅकिओस्टॉमीवाले, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातलेले. एक काका त्यावर चहात साखर किती घालायची ते लिहितात, नळीतून फीड चालू असताना!

बारा इंची मागवू नका, छातीवर जड होते आणि वायरींत अडकते. साडेआठ पुरे. चार तारे. पाचवा कापला तो पेनमुळे: पेन खाचेत धड बसत नाही, पहिल्याच दिवशी बेडखाली जातं. कंपनीने त्याला भोक पाडून दोरी द्यावी. आम्ही ड्रिप सेटच्या नळीचा तुकडा बांधतो.